जुनी मोटार घेताना

नानाखेड्यात पहिलीच मोटार, तीही जुनी, घेणारा गृहस्थ बहुधा रंगावर भुलतो. आमचे सांगणे असे की, आधी कागद पाहावेत. नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरेपर्यंत बयाणा देऊ नये. क्रमांक परराज्याचा असल्यास तिकडचा ना-हरकत दाखला मागावा. मग इंजिन थंड असताना सुरू करवावे. निळा धूर दिसल्यास तेल जळते आहे असे समजावे. सारी पुंजी किमतीत घालू नये. टायर, बॅटरी, विमा यांसाठी काही राखावी. सौदा होताच १४ दिवसांत विमा व ३० दिवसांत नोंदणी आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा. नोंदीत नाव तसेच राहिल्याने, विकलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई जुन्या मालकावरच पडते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. तेव्हा विकणाऱ्यानेही नाव बदलले की नाही, हे स्वतः पाहावे.