‘च’चा ताण

आमच्या राजगुरुनगरहून सकाळच्या पाळीसाठी निघालेली कंपनीची बस चाकणच्या कोंडीत अडकली, की आतल्या सगळ्यांना उशीर सारखाच होतो. वागणे मात्र सारखे नसते. कुणी डुलकी काढतो, कुणी सुपरवायझरला फोन लावतो, कुणी ड्रायव्हरवर खेकसतो. हा फरक कुठून येतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५च्या सुमारास उत्तर मांडले ते असे : घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली समजूत उभी असते, आणि भावना बरीचशी तिच्यातून उपजते. कल्पना जुनीच. गुलाम म्हणून जन्मलेला एपिक्टेटस रोमन काळात हेच शिकवीत असे. एलिस यांनी तिची उपचारपद्धती केली. ती ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने मराठीत रुजवली कि. मो. फडके यांनी. माझ्यासारख्या इंग्रजीत अडखळणाऱ्याला वाट सापडली ती त्यांच्या पुस्तकांमुळे.

एलिस यांचा आक्षेप इच्छेला नाही, हट्टाला आहे. ‘वेळेवर पोचलो तर बरे’ ही इच्छा. ‘पोचलोच पाहिजे, नाहीतर संपलेच सगळे’ हा हट्ट. मराठीत हा सगळा भार एकटा ‘च’ वाहतो. तो काढला की काळजी उरते, थरकाप ओसरतो. आणि काळजी हवीच (हा ‘च’ मला चालतो). काळजी वाटणारा फोन करतो, उद्या लवकर निघतो.

नुसते पटून भागत नाही. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला घाबरणारे एलिस ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलले. एकच भेटायला कबूल झाली. तीही आली नाही. भीती मात्र गेली.

व्यवस्थापनांना असले शास्त्र आवडते, आणि इथे मला सावध व्हावेसे वाटते. तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवले, की जबाबदारी कामगाराच्या मनावर ढकलता येते. पण कोंडीमुळे कंत्राटी कामगाराचा अर्धा दिवस कापला जात असेल, तर ते कापणे ही त्याची समजूत नव्हे, घटना आहे. समजूत बदलून पगार भरून निघत नाही. घटना बदलायला एलिस यांची मनाई मुळीच नाही. बस अर्धा तास आधी सोडा, असा अर्ज करता येतो. त्यावर चाळीस सह्या घेता येतात. ड्रायव्हरवर खेकसून दमलेल्याला तेवढी ताकद उरत नाही.