नववीतला हिरो

दोस्तांनो, सिनेमातला हिरो काय करतो? पोरगी दिसली की गाणं, मग दहा गुंडांशी मारामारी, शेवटी लग्न! मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) कादंबरीतल्या मुकुंद जोशीला यातलं काहीच जमत नाही. काळ आणीबाणीचा, १९७५-७६ चा. मुकुंद नववीत. वर्गातली शिरोडकर त्याला फार आवडते, पण तिच्याशी चार शब्द बोलायचे म्हटले तरी पंचाईत. गंमत म्हणजे सगळं प्रेम आडनावावरच चालतं! यावरचा सुजय डहाके यांचा सिनेमा २०१२ मध्ये आला. तरी आधी पुस्तक वाचा.

पालकांनो, प्रेमाचं पुस्तक म्हणून ते कपाटात लपवू नका. नववी-दहावीच्या मुलांना द्या, आधी स्वतः वाचा. मुकुंदला मनातलं बोलायला नरूमामा तरी आहे. आमच्या झरी जामणीकडे कित्येक पोट्ट्यांना असा मामा नसतो. मग सल्ला देतो तो सिनेमाच, आणि पोरगी ‘नाही’ म्हणाली तर गुमान परत फिरायचं, हे त्यात क्वचितच दिसतं.

मुकुंदचा दोस्त सुऱ्या मात्र थेट हिरोगिरी करत केवड्याला विचारायला जातो. पुढे काय होतं? ते मी नाही सांगणार!