ऑर्डर आली म्हणजे नक्की काय आलं?

ऑर्डर हा शब्द आता आपल्याला इंग्रजी वाटतच नाही. ग्रामसेवकाच्या बदलीची ऑर्डर निघते, पोटगीच्या दाव्यात कोर्टाची ऑर्डर होते, आणि लेक मोबाइलवर साडी ऑर्डर करते. पहिल्या दोन ठिकाणी ऑर्डर म्हणजे हुकूम. साडीच्या बाबतीत ती नुसती मागणी. हुकूम पाळावाच लागतो. मागणीला हो म्हणायचं की नाही, ते आपण ठरवायचं.

बचत गटात मात्र या दोन्हींची सरमिसळ होते. "ऑर्डर आलीये" म्हटलं की हुकूम सुटल्यासारख्या सगळ्या जणी पोळपाट-लाटणं घेऊन बसतात. दर विचारायचा राहूनच जातो. आमच्यातल्या एका गटाला दुकानदार फोनवर म्हणाला, "५० किलो उडीद पापडांची ऑर्डर समजा." बायकांनी उधारीवर डाळ आणली, पापड लाटून वाळवले. माल घेऊन गेल्या, तर म्हणे मी फक्त चौकशी केली होती. दाखवायला कागद नव्हता. ते पापड मग बाजाराच्या दिवशी पडेल भावात विकले.

म्हणून परचेस ऑर्डर मागायची, म्हणजे घेणाऱ्याने लिहून दिलेली मागणी. माल कोणता, किती किलो, काय दराने, कोणत्या तारखेला, गाडीभाडं कुणाचं आणि पैसे कधी, एवढं त्यात हवं. व्हॉट्सॲपवर आली तरी घ्या, फक्त तो मेसेज पुसू नका. डाळीपुरती आगाऊ रक्कमही मागा. मागायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. दुकानदाराला त्यात नवल वाटत नाही.

गटाची उद्यम नोंदणी आधीच झालेली असेल तर २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा आपल्या बाजूने आहे. मुदत लेखी ठरलेली असली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर वर व्याज.

चेकमध्येही ऑर्डर असते बरं का! नावापुढचे 'किंवा धारकास' अशा अर्थाचे छापील शब्द खोडले की तो ऑर्डर चेक होतो. मग ज्याच्या हातात चेक त्याला पैसे, असं राहत नाही. ज्याचं नाव आहे त्याला, किंवा तो मागे सही करून सांगेल त्याला मिळतात. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या तर रोख मिळतच नाही, रक्कम खात्यातच जमा होते. गटाचा चेक देताना आम्ही दोन्ही करतो.