भाकरी सोडून बळ येते काय?

आमच्या कामगार वस्त्यांतील तरुण दंड भरावेत म्हणून आता भाकरी, भात आणि डाळ सोडू लागले आहेत. ह्या आहाराला ‘कीटो’ म्हणतात. पिष्टमय पदार्थ दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावयाचे आणि पोट मुख्यतः तूप, लोणी, तेल, अंडी, मांस, पनीर ह्यांवर भरावयाचे, असा त्याचा नियम आहे. मी काही डॉक्टर नव्हे. परंतु ज्याची रोजी अंगमेहनतीवर चालते, त्याच्या ताटातून काय जाते आणि त्याच्या बदली काय येते, हा हिशेब कामगार चळवळीतल्या माणसाने मांडलाच पाहिजे.

हा आहार व्यायामशाळेत जन्मलेला नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर ह्यांनी तो फेफऱ्याच्या रोग्यांसाठी सुचविला. उपासाने फेफरे कमी होते, हे ठाऊक होते. पण माणसाला कायम उपाशी कसे ठेवणार? म्हणून अन्न खाऊनही शरीराची स्थिती उपाशासारखी राहील, अशी ही योजना. औषधाला दाद न देणाऱ्या मुलांच्या फेफऱ्यावर आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती वापरतात. तात्पर्य, मुळात हा उपचार होय. पहिलवानाचा खुराक नव्हे.

आता शरीरात काय घडते ते पाहू. भाकरीची शेवटी साखर होते. तिच्यातली काही शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते : यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. भाकरी बंद केली की हा साठा उतरतो आणि पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तो बराचसा ह्या पाण्यामुळे. पुढे यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करते आणि मेंदू आपली बरीचशी गरज त्यांवर भागवितो. शरीराची ही सोय खरोखर अद्भुत आहे. पण ती टंचाईच्या दिवसांसाठी आहे.

स्नायू वाढावयास चार गोष्टी लागतात : हळूहळू वाढविलेले वजन, पुरेशी प्रथिने, पोटभर अन्न आणि झोप. २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपलीकडे प्रथिने वाढवून सर्वसाधारणपणे फारसा अधिक लाभ होत नाही. ६० किलोच्या माणसाला हे सुमारे ९६ ग्रॅम झाले. कीटोवरही एवढी प्रथिने घेता येतात, आणि मग आहे तो स्नायू बहुधा टिकतो. वाढीचा प्रश्न निराळा आहे. २०१८ मध्येच व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांवरील ८ आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कीटोवाल्यांची चरबी घटली. परंतु चरबीविरहित वजन वाढले ते दुसऱ्या गटाचे. ह्या आहाराने भूक मंदावते आणि वाढीसाठी लागणारे जादा अन्न पोटात जात नाही, हे एक कारण असावे.

शिवाय जोराच्या कामाला ग्लायकोजेन लागते, कारण चरबीपासून तितक्या वेगाने शक्ती मिळत नाही. ऑस्ट्रेलियात लुईझ बर्क ह्यांनी नामांकित चालपटूंवर प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटोवाल्यांच्या अंगची चरबी जाळण्याची ताकद पुष्कळ वाढली. पण त्याच वेगाने चालावयास त्यांना प्राणवायू अधिक लागू लागला. पिष्टमय अन्न खाणारे सरावाने सुधारले, हे सुधारले नाहीत.

ह्या आहाराचा लाभ मुळीच नाही असे मी म्हणत नाही. स्थूल माणसाचे वजन उतरते, मधुमेह्याची साखर खाली येते. परंतु इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून हा प्रयोग करू नये. साखर एकाएकी धोकादायक उतरू शकते. काही नव्या गोळ्यांबरोबर तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्ल होऊन जिवावर बेतू शकते.

आता आपल्या ताटाकडे या. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण ५० ग्रॅमहून अधिक पिष्टही असते. म्हणजे कीटो पाळणाऱ्याला भाकरीबरोबर डाळ, उसळ हीही सोडावी लागते. गरिबाची प्रथिने तर ह्यांतच आहेत! धान्यात लायसीन नावाचा अंश कमी, डाळीत तो भरपूर. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. एवढ्या डाळीतली प्रथिने भरून काढावयास साडेतीन अंडी लागतात, आणि तो खर्च ज्याच्या त्याच्या पगारातूनच निघावयाचा असतो.

म्हणून तरुणांना माझे सांगणे एवढेच : कमी करावयाचे तर चहातली साखर, बिस्किटे, पाव, भाताचा दुसरा वाढा कमी करा. डाळ घट्ट करा. उसळ, शेंगदाणे, दही, परवडेल तसे दूध-अंडे वाढवा. भाकरी ठेवा. आणि पाळी संपल्यावर जादा कामाला थांबण्यापूर्वी लक्षात असू द्या, की वजन उचलताना स्नायूला फक्त ताण बसतो. त्याची भरणी विश्रांतीतच होते. आठ तासांच्या दिवसासाठी मजूर झगडले ते ह्याच विश्रांतीसाठी. ती गमावून कोणत्याही खुराकाने बळ येणार नाही.