औषधाच्या आधीच तयार असलेलं उत्तर

धार काढण्यापूर्वी प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर सोडून पाहाव्यात. दुधात बारीक गुठळ्या दिसल्या, कास गरम आणि घट्ट लागली, गाय हात लावू देईना, की ‘दगडी’ झाली असं गोठ्यात म्हणतात. हा कासदाह. यावर सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात आणि बऱ्याचदा गुण येतो. पण कासदाह करणाऱ्या जंतूंपैकी स्टॅफिलोकॉकस ऑरियस भलताच चिवट. तो कासेत बारीक गळवं करून दडतो, गाईच्या पेशींतही शिरतो. तिथवर औषध पुरेसं पोचत नाही. त्यात तो औषधालाच दाद देईनासा झाला, तर उपचार करणाऱ्याचे हातच बांधले जातात.

इंग्लंडमधल्या गाईंच्या दुधात असाच एक जंतू सापडला. केंब्रिज विद्यापीठातले पशुवैद्यक मार्क होम्स आणि त्यांचे सहकारी कासदाहाचा अभ्यास करत होते. मेथिसिलिन या प्रतिजैविकाच्या जातीचं औषध घातलेल्या बशीत हा जंतू खुशाल वाढत होता. अशा जंतूंना एमआरएसए म्हणतात आणि त्यांच्यात ‘मेक-ए’ नावाचा जनुक असतो. या जंतूत मात्र तो जनुक काही केल्या सापडेना. प्रतिकार तर समोर दिसतोय, पण त्याचं कारण गायब!

शेवटी त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि उलगडा झाला. जनुक होता, पण वेगळा. मेक-एशी त्याचं साम्य जेमतेम सत्तर टक्के. म्हणून नेहमीच्या चाचणीला तो ओळखूच येत नव्हता. २०११ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि पुढे या जनुकाला ‘मेक-सी’ हे नाव मिळालं. माणसांच्या जतन केलेल्या नमुन्यांतही तो निघाला. डेन्मार्कमधला एक नमुना तर १९७५ सालचा होता.

हा जनुक करतो तरी काय? जंतूभोवती एक भक्कम भित्ती असते आणि काही प्रथिनं ती गवंड्यासारखी सतत बांधत असतात. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं नेमकी या गवंड्यांना जखडून ठेवतात. काम थांबतं, भित्ती कमकुवत होते आणि जंतू फुटून मरतो. मेक-सी असलेला जंतू अशा वेळी निराळ्या घडणीचा गवंडी कामाला लावतो. औषधाला त्याच्यावर नीट पकड घेता येत नाही आणि बांधकाम चालूच राहतं.

आता खरं नवल पुढे आहे. मेथिसिलिन वापरात आलं १९५९ साली. मग हा जनुक त्यानंतर, गोठ्यांतल्या औषधांच्या माऱ्यातून घडला असणार, असंच कुणालाही वाटेल. पण डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्यांत मेक-सी असलेला एमआरएसए मुबलक सापडू लागला. रानात, बागेत फिरणाऱ्या या प्राण्याला प्रतिजैविक कोण देणार?

उत्तर त्याच्या कातडीवरच होतं. तिथं ट्रायकोफायटन एरिनासेआय नावाची बुरशी वाढते आणि ती स्वतःच पेनिसिलिनच्या कुळातली द्रव्यं तयार करते. त्याच कातडीवर राहणाऱ्या जंतूला टिकायचं तर त्या द्रव्यांवर तोड काढणं भागच होतं. जंतूंच्या जनुकसंचात काळाबरोबर बदल साचत जातात. ते मोजून शास्त्रज्ञांनी या वाणांचं वय काढलं. काही वाण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे निघाले! पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लागला १९२८ साली. म्हणजे फ्लेमिंग यांच्या जन्माआधीच एका जंतूकडे या औषधाचं उत्तर तयार होतं. हे संशोधन २०२२ साली ‘नेचर’मध्ये आलं. हेजहॉगमधले हे वाण पुढे गाईंपर्यंत आणि माणसांपर्यंत पोचले.

माणसांत हा प्रकार तुलनेनं विरळ आहे, आणि दूध नीट उकळलं किंवा पाश्चराइज केलं की हा जंतू मरतो. म्हणून दूध पिणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. पण गोष्टीचा अर्थ गंभीर आहे. प्रतिकाराचे जनुक निसर्गात आधीपासून आहेत. आपण औषध वापरतो तेव्हा साधे जंतू मरतात आणि हे जनुक बाळगणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. औषध जितकं बेताल, तितकं रान मोठं.

हा नियम डेन्मार्कला लागू आहे तसाच आपल्या गोठ्यालाही. तेव्हा पशुपालकांनो, अंदाजानं ट्यूब सोडू नका. दुधाची तपासणी करून कोणतं औषध लागू पडेल ते पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या, सांगितलेली मात्रा पुरी करा आणि औषधाच्या काळातलं दूध डेअरीला घालू नका. गोठा कोरडा ठेवा, धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवा आणि गाईपुढे लगेच वैरण टाका, म्हणजे सडांची तोंडं मिटेपर्यंत ती उभी राहील. जिला दगडी झालीच नाही, तिला औषध लागत नाही.