वहीतले ‘कारण’ आणि ‘म्हणून’

काळजी कागदावर उतरवली की मन हलकं होतं, असं आपण एकमेकांना सांगत असतो. हे मोजून पाहणारा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत डॅलसच्या विद्यापीठात झाला आणि १९८६ साली प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर. प्रसंगावर लिहिणारे वही मिटताना हलके झाले नव्हते. उलट अधिक खिन्न होते. पण ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी भरल्या.

जोआन फ्रातारोली यांनी २००६ साली असे १४६ अभ्यास एकत्र तपासले. फायदा दिसला, पण लहानसा.

मला कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पेनबेकर यांनी पुढे संगणकाकडून लेखनातले शब्द मोजून घेतले. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांच्या लिहिण्यात कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला होता. म्हणजे नुसता निचरा पुरत नाही, सांगण्याची तऱ्हा बदलावी लागते. माझ्याकडे मानसशास्त्राची पदवी नाही, पण आईच्या आजारपणातल्या माझ्या दोन वह्या आहेत. त्या काढून हेच शब्द शोधले. पहिलीत पानोपानी ‘आता कसं होणार’ एवढंच. दुसरीच्या मध्यावर एक वाक्य सापडलं: ‘रात्री घाबरायला होतं ते आजारामुळे नाही, खर्चामुळे, कारण बिल संध्याकाळी हातात येतं.’ त्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद भावाला केलेल्या फोनची आहे. (एका घरच्या वह्यांवरून सिद्ध काहीच होत नाही, हे मला कळतं.)

म्हणूनच ‘रोज मन मोकळं करा’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या ९० जणांचा अभ्यास केला. मुळात तेच ते घोकत राहणाऱ्यांपैकी ज्यांना भावनांवर लिहायला लावलं, ते काही महिन्यांनी अधिक वाईट अवस्थेत आढळले; साधा दिनक्रम लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे होते. चार दिवस लिहूनही वाक्य पहिल्याच जागी फिरत असेल, तर वही बाजूला ठेवावी आणि माणूस गाठावा.

झोपेचं गणित निराळं. टेक्सासमधल्याच बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला दिलं. झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा पुढची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले, असं २०१८ सालचा हा अभ्यास सांगतो. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. तेव्हा ‘आईचं बघायचं’ असं लिहू नये; ‘साडेनऊला रक्ताचा रिपोर्ट आणायचा, जाताना जुनी फाइल घ्यायची’ असं लिहावं.