पुलाची थरथर कशी वाचायची? सीताबर्डीच्या मेट्रोच्या निमित्ताने

सीताबर्डीचं मेट्रो स्थानक आपल्याला आता सवयीचं झालंय. 2019 मध्ये ऑरेंज मार्गिका इथवर आली, 2020 मध्ये ॲक्वा. दोन्ही इथे वेगवेगळ्या मजल्यांवरून एकमेकींना ओलांडतात. गाडी आली की पायाखाली किंचित थरथरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, भार सरकला की बांधकाम हलणारच. आपला प्रश्न असा, की या थरथरीवरून आतला तडा ओळखता येईल का?

माठ आपण वाजवूनच घेतो. तडकलेला बद्द वाजतो. पुलाच्या प्रत्येक गाळ्यालाही स्वतःची स्वाभाविक वारंवारता असते. वस्तुमान तेच राहून ती 5 टक्क्यांनी उतरली, तर ताठपणा जवळजवळ 10 टक्के गेला असं समजायचं.

सेन्सरची नोंद मात्र नुसता गुंता दिसते. त्यातले सूर वेगळे करायची युक्ती फूरिएची, 1822 च्या ग्रंथातली. तो ग्रंथ उष्णतेवर होता. नागपूरकरांनी हे ध्यानात ठेवावं, पुढे लागेल. संगणकावर हे झटपट होऊ लागलं ते 1965 च्या कूली-टुकी पद्धतीमुळे.

आता खरी गोम. गाडी गाळ्यावर असते तेव्हा तिचंही वजन मिसळतं, म्हणजे तो पुलाचा एकट्याचा सूर नव्हे. गाडी गेल्यावर तो ऐकू येतो, पण काही सेकंदांतच विरतो. आणि 10 सेकंदांच्या नोंदीत 0.1 हर्ट्झपेक्षा बारीक फरक धड दिसत नाही. समजा गाळा 4 हर्ट्झचा आहे. 1 टक्का फरक म्हणजे 0.04 हर्ट्झ. तो निसटलाच! म्हणून रात्री, गाड्या थांबल्यावर, वाऱ्याची आणि खालच्या रहदारीची बारीक थरथर तासभर टिपायची, तिचे तुकडे पाडायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची.

एवढं करूनही ऊन फसवतं. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो, हिवाळ्यातल्या रात्री 10 च्या आसपास येतो. काँक्रीट तापलं की वारंवारता बहुधा उतरते, तडा नसतानाही. स्वित्झर्लंडमध्ये झेड-24 नावाचा पूल 1998 मध्ये पाडण्याआधी जवळपास वर्षभर मोजला गेला. तिथे उलट झालं, गोठवणाऱ्या थंडीत वरचं डांबर कडक होऊन वारंवारता चढली. हा फरक वजा केल्यावरच, मुद्दाम केलेली मोडतोड आकड्यांत ओळखता आली.

नाहीतर उन्हाळ्यात विनाकारण वाहतूक बंद होईल, किंवा थंडीत खरा तडा झाकला जाईल. दुसरं जास्त वाईट. तेव्हा सेन्सरशेजारी तापमापक हवाच, आणि पहिलं वर्ष धडधाकट पूल कसा वागतो हे टिपण्यातच जातं.